सिबिल आधी तू बघ

प्रिय पोरी,

अनेक आशीर्वाद.

तुझा पहिला पगार झाला आणि लगेच हप्त्यावर मोबाइल घेतलास, हे परवा तुझ्या आईनं सांगितलं. मोबाइलचं कौतुक आहेच. पण दुकानातल्या मुलानं तुझा पॅन नंबर घेतला, ओटीपी विचारला, तेव्हा तू आयुष्यातलं पहिलं कर्ज काढलंस. बिनव्याजी असलं तरी कर्जच. त्याची नोंद आता तुझ्या नावावर चढेल. ती तू स्वतः वाचावीस, एवढ्यासाठी हे पत्र. बँकेच्या कर्जविभागात मी सव्वीस वर्षं काढली. स्वतःच्या रिपोर्टात, म्हणजे कर्जांच्या या नोंदवहीत, काय लिहिलंय हे समोरच्या माणसाला पहिल्यांदा माझ्याकडूनच कळायचं आणि त्याचा चेहरा उतरायचा. तुझ्यावर ती वेळ येऊ नये.

आपण सगळ्यालाच ‘सिबिल’ म्हणतो. खरं तर सिबिल ही कुणी किती कर्ज घेतलं आणि कसं फेडलं याच्या नोंदी ठेवणारी एक कंपनी. आपल्या देशात अशा चार आहेत: ट्रान्सयुनियन सिबिल, एक्स्पेरियन, इक्विफॅक्स आणि क्रिफ हाय मार्क. २००५ च्या कायद्यानुसार त्या चालतात आणि रिझर्व्ह बँकेचं त्यांच्यावर नियंत्रण असतं. तुझ्याबद्दलची माहिती त्या स्वतः गोळा करत नाहीत. बँका आणि फायनान्स कंपन्या पाठवतात, त्या जुळवून ठेवतात. पूर्वी ही माहिती महिन्याला जायची, २०२५ च्या जानेवारीपासून पंधरवड्याला जाऊ लागली. चूक होते ती पाठवताना किंवा जुळवताना, आणि ती तिथे बसलेल्या कुणाच्या लक्षात येत नाही. कशी येणार? तू कोणतं कर्ज घेतलंस आणि कोणतं नाही, हे फक्त तुला माहीत.

माझ्या धाकट्या भावाचं सांगते. आमचे आजोबा गेले त्यानंतरच्या वर्षी घरात दोन मुलगे जन्मले, एक आमच्या आईला आणि एक काकूला. दोघांचीही नावं आजोबांचीच ठेवली. सासऱ्यांचं नाव तोंडानं घ्यायचं नाही, म्हणून आई आमच्याला बापू म्हणायची आणि काकू तिच्याला आबा. घरात कधी घोळ झाला नाही. शाळेत घालताना गुरुजींनी रिवाजाप्रमाणे दोघांचीही जन्मतारीख १ जून लिहिली. म्हणजे नाव एक, आडनाव एक, जन्मतारीख एक, गाव आणि वाडाही एकच. फरक फक्त मधल्या नावाचा, वडिलांच्या नावाचा.

पुढे आबानं ट्रॅक्टरसाठी कर्ज काढलं. फायनान्स कंपनीनं मधलं नाव गाळलं आणि पॅनचा रकाना कोरा ठेवला. लागोपाठ दोन हंगाम पाऊस गेला, आबाचे हप्ते थकले. त्याला मी दोष देत नाही, सोयाबीन शेतातच कुजलेलं मी डोळ्यांनी पाहिलंय. त्याच सुमारास बापू पुण्यात घर घेत होता. इसार दिलेला, आणि बँकेनं सांगितलं, कर्ज होणार नाही.

त्या रात्री जेवणाच्या टेबलावर आम्ही त्याचा रिपोर्ट उघडला. प्रत्येक कर्जाखाली महिन्यांचे चौकोन असतात, मागच्या छत्तीस महिन्यांपर्यंतचे. हप्ता किती दिवस थकला, तो आकडा त्या चौकोनात लिहितात. त्याला डीपीडी म्हणतात. तीन शून्यं म्हणजे हप्ता वेळेवर. बापूच्या मोटरसायकलच्या कर्जाखाली शून्यांची सरळ रांग होती. खालच्या पानावर मात्र ट्रॅक्टर, आणि चौकोनांत ३०, ६१, ९१. ज्यानं जन्मात नांगराला हात लावला नाही त्याच्या नावावर ट्रॅक्टर! बापू कितीतरी वेळ तेच पान वरखाली करत राहिला.

तक्रार केली. उत्तर आलं, ‘आमच्या नोंदीप्रमाणे माहिती बरोबर आहे.’ शेवटी आबा स्वतः गावाहून आला, कर्जाची कागदपत्रं आणि आधार घेऊन. दोघे भाऊ फायनान्स कंपनीच्या शाखेत शेजारी शेजारी उभे राहिले, तेव्हा कुठे ते कर्ज बापूच्या नावावरून निघालं. त्यात चार महिने गेले, आणि घर तोवर दुसऱ्यानं घेतलं. हा रिपोर्ट बापूनं घर बघायला लागायच्या आधी, वर्षभर आधी, एकदा जरी उघडला असता तर? मी त्याची बहीण, रोज लोकांचे रिपोर्ट बघणारी. मीही त्याला कधी सांगितलं नव्हतं. म्हणून तुला सांगते आहे.

रिपोर्ट पाहायला पैसे पडत नाहीत. १ जानेवारी २०१७ पासून प्रत्येक कंपनीनं वर्षातून एकदा पूर्ण रिपोर्ट, स्कोअरसकट (स्कोअर म्हणजे या नोंदींवरून दिलेले गुण), मोफत द्यायचा असा रिझर्व्ह बँकेचा नियम आहे. कंपन्या चार, म्हणून मी दर तिमाहीला एकीचा काढते. कंपनीच्या स्वतःच्याच वेबसाइटवर जा. पैसे भरायच्या योजना डोळ्यांसमोर आधी येतात, मोफतचा पर्याय जरा शोधावा लागतो, पण तो असतो. फुकट स्कोअर दाखवणाऱ्या ॲपांना पॅन देत सुटू नकोस. आणि आपला आपण रिपोर्ट पाहिल्यानं स्कोअर घसरतो ही समजूत चुकीची आहे. तू कर्जासाठी अर्ज करतेस आणि बँक रिपोर्ट मागवते, त्या चौकशीचा परिणाम होऊ शकतो. पाच ठिकाणी एकदम अर्ज टाकू नये ते त्यासाठीच.

रिपोर्ट उघडलास की स्कोअरकडे आधी धावू नकोस. ३०० ते ९०० मधला तो आकडा, आणि चारही कंपन्यांचा तो थोडाफार वेगळा येतो. आधी नाव, जन्मतारीख, पॅन, मोबाइल नंबर, पत्ते वाच. न राहिलेल्या गावचा पत्ता दिसला तर तिथेच थांब, कारण दुसऱ्याची माहिती शिरली असेल तर ती बहुधा इथेच पहिल्यांदा दिसते. मग एकेक कर्ज बघ. शेवटी चौकशांची यादी: कुठल्या संस्थेनं कधी तुझा रिपोर्ट मागवला. तू अर्ज केलाच नव्हता अशा संस्थेचं नाव तिथे असेल, तर तुझ्या कागदपत्रांवर कुणी तरी कर्ज काढायला बघतंय. आता कुणी रिपोर्ट मागवला की ग्राहकाला एसएमएस किंवा ईमेल पाठवायची सक्ती आहे. तो तुझ्यापर्यंत पोचायला नंबर चालू हवा. सिम बदललंस तर बँकेत त्याच आठवड्यात कळव.

चूक सापडली तर कंपनीच्या वेबसाइटवर तक्रार नोंदव. सिबिलच्या रिपोर्टवर कंट्रोल नंबर असतो, तो जपून ठेव. त्याच दिवशी बँकेलाही लेखी कळव, फोनवर बोलून भागवू नकोस. बापूच्या वेळी नव्हता तो नियम २०२४ च्या एप्रिलपासून आहे. तक्रार तीस दिवसांत निकाली निघाली नाही, तर पुढच्या प्रत्येक दिवसाचे १०० रुपये भरपाई म्हणून द्यावे लागतात. उशीर बँकेमुळे की कंपनीमुळे, त्यावर ते कोण देणार हे ठरतं. तरीही दाद लागली नाही तर रिझर्व्ह बँकेचा लोकपाल आहे. २०२२ च्या सप्टेंबरपासून या कंपन्याही त्याच्या कक्षेत आल्या आहेत.

आणखी एक शब्द लक्षात ठेव: ‘सेटल्ड’. क्रेडिट कार्डाचे पैसे थकले की वसुलीवाला म्हणतो, ऐंशी हजारांऐवजी तीस भरा, विषय मिटवू. माणूस सुटल्यासारखा होतो. मात्र रिपोर्टात ‘क्लोज्ड’ न येता ‘सेटल्ड’ येतं, म्हणजे पूर्ण फेडलं नाही. पुढची बँक तेच वाचते. अगदीच इलाज नसेल तर गोष्ट वेगळी, पण सहीआधी तुला हे माहीत असावं. आणि शेवटचा हप्ता फेडलास की नो ड्यूजचा, म्हणजे काही देणं उरलं नाही असा, दाखला घेतल्याशिवाय राहू नकोस. नंतर दोनेक महिन्यांनी रिपोर्टात ते खातं बंद दिसतंय का, पाहा.

ऑफिसातलं कुणी जामीन राहायला सांगेल. तुझा स्वभाव मला माहीत आहे, नाही म्हणणं तुला जड जाईल. जामीन राहिलीस की ते कर्ज तुझ्याही रिपोर्टात दिसतं, आणि त्यानं हप्ते चुकवले की बँक तुझ्याकडे येते. आधी मला फोन कर.

मोबाइलचे दोन हप्ते गेले की एखाद्या रविवारी सकाळी पहिला रिपोर्ट काढ. मी फोनवर बसते, आपण दोघी मिळून वाचू. तुझीही शाळेतली जन्मतारीख १ जूनच आहे, तेवढ्यासाठी पहिलं पान जरा सावकाश बघू.

तुझी,
मावशी