पोचल्या दिवशी स्नोबोर्डला हात लावू नकोस

स्नोबोर्डिंगला, म्हणजे बर्फाच्या उतारावर फळीवर उभं राहून घसरायला, ज्या गावी जाशील ते समुद्रसपाटीपासून 2500 मीटरच्या वर असेल तर पहिला दिवस नुसता हळूहळू फिरण्यात घालव. हवा विरळ असते. डोकं दुखून मळमळायला लागलं तर आणखी वर जायचं नाही. त्रास वाढला तर सरळ खाली उतरायचं, यात हट्ट नको.

बोर्ड भाड्याचा चालेल, बुटांत मात्र तडजोड नको. बूट बांधून गुडघे वाकव. टाच आत उचलली गेली तर तो बूट तुझा नाही. मोजे एकावर एक चढवू नकोस.

पडताना हात टेकावासा वाटतोच, आणि नवख्यांची मनगटं तिथेच मोडतात. मूठ मिटून कोपरापर्यंतच्या हातावर पड. मनगटाचे गार्ड घेच. ढगाळ असलं तरी सनस्क्रीन लाव, हनुवटीखालीसुद्धा. बर्फावरून ऊन उलटं येतं.