काल मैत्रीण, आज इन्चार्ज

"मॅडम, पोरी माह्याशी बोलूनच नाही राहिल्या." मी समुपदेशक. नव्यानं वॉर्डाच्या इन्चार्ज झालेल्या सिस्टरांकडून हे इतक्यांदा ऐकलंय की पुढचं वाक्य मला आधीच ठाऊक असतं: "ड्यूटी लावली ना, म्हणून."

सुनीताताई (नाव बदललंय) यवतमाळकडच्या एका 30 खाटांच्या ग्रामीण रुग्णालयात सेवाज्येष्ठतेनं परिसेविका, म्हणजे वॉर्डाच्या इन्चार्ज सिस्टर, झाल्या. नेतृत्वाचं प्रशिक्षणही झालं. संवाद, प्रेरणा, संघभावना, सगळं वहीत उतरवलेलं. पण महालक्ष्म्यांना सगळ्याच जणींनी सुटी मागितली तर काय करायचं, ते वहीत नव्हतं. तिन्ही रात्रपाळ्या ताईंनी स्वतःच केल्या.

"नाही म्हटलं असतं तर?"

"वाईट वाटलं असतं जी त्यांना."

"आणि?"

"मले वाईट म्हटलं असतं."

इथवर यायलाच बऱ्याच भेटी जातात. मी अल्बर्ट एलिस या मानसशास्त्रज्ञाच्या वाटेनं जाणारी. सगळ्यांनी आपल्याला चांगलंच म्हणावं हा हट्ट माणसाला घटनेपेक्षा जास्त छळतो, असं मी मानते. पण हे नुसतं ऐकवून कोणी बदलत नाही.

मी विचारलं, "रात्रभर तुम्ही जागल्या. मग सकाळी सर्पदंशावरच्या प्रतिविषाचा साठा कोणी पाहिला?"

ताई गप्प. पावसाळ्यात, शेतीच्या मुलखात, हा प्रश्न किरकोळ नाही. बऱ्याच वेळानं म्हणाल्या, "कोणीच नाही. मी त घरी झोपली होती. म्हणजे तीन दिवस वॉर्डाले इन्चार्जच नव्हती!"

हे मी सांगितलं नाही, त्यांचं त्यांना दिसलं. समुपदेशक म्हणून याचा मला आनंद आहे, थोडा अभिमानही.

तुम्हीही नव्या इन्चार्ज असाल, तर सणांच्या सुट्यांची वही महिनाभर आधी सगळ्यांसमोर उघडा. गेल्या वर्षी जिनं सणाला ड्यूटी केली तिचा हक्क पहिला, आणि तुमचं नावही त्याच वहीत. आपसात अदलाबदल करू द्या, पण तुमच्या सहीनंच. नकार एकटीला बोलावून, एका वाक्यात द्या. कारणं जोडत गेलात की घासाघीस सुरू होते. रुसलेलीच्या मागे समजूत घालायला लगेच धावू नका. तिला रुसू द्या. प्रशिक्षण देणाऱ्यांनी तर हा नकार वर्गातच मोठ्यानं म्हणवून घ्यावा.

दिवाळीची यादी लागली तेव्हा एकीनं काही दिवस डबा वेगळा खाल्ला.

"त्रास झाला?"

"झाला ना. पण यादी नाही बदलवली."