वर्गात बसतं त्याचंच नाव

पोरी,

तुझा मेसेज वाचला. तुझ्या शाळेत सहावी ते आठवीचा पट (हजेरीवरची मुलं) 20, त्यातली दोन मुलं जूनपासून तालुक्याच्या इंग्रजी शाळेत बसतात, आणि शिक्षकांची पदं 30 सप्टेंबरच्या पटावर ठरतात म्हणून तोवर त्यांची नावं राहू द्या असं शाळेतले सगळे म्हणतात. 15 मार्च 2024 च्या शासन निर्णयानंतर पट 20 च्या आत गेला की या वर्गांना शिक्षकच मंजूर होत नाही, हे मला ठाऊक आहे. वर्ग गेला की मुलींना घरी बसवतील नाहीतर ऊसतोडीला नेतील, हेही ठाऊक आहे. तरीही नाही. जे लेकरू वर्गात बसतं, त्याचंच नाव हजेरीवर.

ऑक्टोबर 2011 मध्ये राज्यभर पटपडताळणी झाली, म्हणजे हजेरीवरची मुलं खरंच वर्गात आहेत का ते मोजलं, तेव्हा तू स्वतः शाळेत शिकत असशील. नांदेडच्या खोट्या पटावरून सुरुवात झाली आणि पुढे गावोगाव मास्तर म्हणजे चोर असं झालं. एकही नाव न वाढवलेले आम्हीसुद्धा त्यात आलो. आज बाप पोराला खाजगी शाळेच्या गाडीत बसवतो त्यात इंग्रजीचं वेड आहेच, पण आपल्यावरचा उडालेला विश्वासही आहे.

माझ्या काळात आमच्या शाळेचा पट घटला, तरी मी खोटी नावं घातली नाहीत. सरांच्या हट्टापायी एक पद गेलं, असं अजून लग्नाकार्यात ऐकवतात. गेलं. त्या सहकाऱ्याला लांब जावं लागलं, ती सल मरेपर्यंत राहील. पण खोट्या नावांवर राखलेलं पद पुढच्या जूनला आणखी नावं मागतं, हे मी आजूबाजूला पाहिलंय. पुन्हा वेळ आली तर पुन्हा तेच करीन.

रडत बसू नकोस, वस्त्यांवर फीर. सहावीनंतर घरी बसलेल्या मुली शोध. कायद्यानं त्यांना वयानुरूप वर्गात घेता येतं, कागद नाहीत म्हणून परत पाठवू नकोस. दिवाळीनंतर ऊसतोडीच्या टोळ्या निघतील, म्हणून टोळीच्या मुकादमाला आत्ताच भेट, कोणाची आजी गावात राहणार ते विचार, मागं राहणाऱ्या मुलांसाठी हंगामी वसतिगृहाचा प्रस्ताव आत्ताच टाक.

आणि मला रंगवलेल्या भिंतींचे फोटो पाठवू नकोस बाई! आठवीत भागाकार किती जणांना येतो ते लिही. असर 2024 या शिक्षणाच्या पाहणीत ग्रामीण भारतातल्या आठवीच्या निम्म्या मुलांनाही तो जमला नव्हता. तुझ्या अठराही मुलांना जमला, तर ते घरोघर कळेल. तू चांगली शिकवतेस, म्हणून तर इतकं बोलतोय.

एवढं करूनही पट भरला नाही, तर शाळा व्यवस्थापन समितीचा ठराव घ्या. आठवीपर्यंतची शाळा 3 किलोमीटरच्या आत हवी, हा मुलांचा हक्क आहे. 18 खरी मुलं दाखवून त्यासाठी भांडता येईल. पडताळणीत दोन खोटी निघाली, की त्या अठरांचंही कोणी ऐकणार नाही.

सोमवारी त्या दोघांच्या आईबापांना बोलावून शाळा सोडल्याचे दाखले निघू देत. मुख्याध्यापक चिडले तर माझा नंबर दे. ठरावाचा मसुदा पाठव, रात्रीतून बघून देतो.

तुझे सर