पहिली काढण्याआधी तिसरीचा हिशेब

प्रश्न : ताई, मानेवाड्यात आम्ही तिघी मैत्रिणी भाड्याच्या घरात मराठी बालवाडी चालवतो. मोठ्या गटातली मुलं आता पहिलीत जातील. पालक रोज म्हणतात, "मॅडम, तुम्हीच पहिली काहून नाही काढत?" काही जण एकरकमी डोनेशन द्यायलाही तयार आहेत. यंदा वर्ग सुरू केला आणि मान्यतेचे कागद मागाहून केले तर चालेल का?
— एक वाचक, नागपूर

उत्तर : नाही चालणार. 2009 च्या शिक्षणहक्क कायद्यात मान्यतेविना शाळा चालवली तर एक लाखापर्यंत दंड आहे, आणि तरीही चालू ठेवली तर दिवसाला दहा हजारांपर्यंत. दंड तुम्ही एकवेळ भराल. पण यू-डायस क्रमांक, म्हणजे सरकारी यादीतला शाळेचा क्रमांक, नसलेल्या शाळेतलं मूल सरकारी नोंदीत दिसत नाही. अशा मुलांच्या आया साध्या लेटरहेडवरचा दाखला घेऊन आमच्या ऑफिसात यायच्या, तेव्हा काय सांगावं ते कळत नसे.

आधी संस्था नोंदवा. त्याला किमान सात जण लागतात, म्हणजे आणखी चार शोधा. ते नुसते सहीपुरते नकोत. एकाला तरी ताळेबंद वाचता यावा. मग 2012 च्या स्वयंअर्थसहाय्यित शाळा कायद्याखाली शासनाची परवानगी. जागेचं मात्र आजच बघा. आपल्याकडे लेआउटमधल्या प्लॉटची आरएल, म्हणजे प्लॉट नियमित झाल्याचं पत्र, झालेली असली म्हणजे सगळं झालं असं लोक धरून चालतात. तिथे शाळा चालेल का हे वेगळं विचारावं लागतं, घरमालकाला नव्हे, नागपूर सुधार प्रन्यासला (नासुप्र) किंवा महापालिकेला. आणि वर टिन असेल तर ती जागा सोडाच. एप्रिलमध्ये सकाळची शाळासुद्धा दहाच्या पुढे रेटवत नाही.

आता पैसे. समजा पंचवीस मुलं, महिना दोन हजार फी : 50,000. पहिली ते पाचवीत साठपर्यंत मुलं असली तरी कायद्याला दोन शिक्षक हवेत, तेही डी.एल.एड. ही शिक्षण पदविका आणि टीईटी ही शिक्षक पात्रता परीक्षा झालेले. प्रत्येकी 18,000 धरा, मदतनीस बाईंचे 8,000. उरले 6,000. त्यात भाडं, वीज, कूलर बसवून दाखवा! म्हणजे पहिलं वर्ष तुटीतच जाणार, दुसरंही बहुधा. तिसरीचा वर्ग भरेपर्यंत पुरेल एवढी गंगाजळी हाताशी नसेल तर थांबा. फी मध्येच वाढवू म्हणाल, तर शुल्क विनियमन कायद्यात पालक-शिक्षक संघाच्या कार्यकारी समितीपुढे जावं लागतं आणि ठरलेली फी दोन वर्षं बांधलेली असते. उत्साहावर शाळा निघते, चालत नाही. 1920 च्या डिसेंबरात असहकाराचा ठराव आपल्याच नागपुरात पक्का झाला. त्या लाटेत देशभर राष्ट्रीय शाळा निघाल्या आणि चळवळ ओसरल्यावर बऱ्याच मिटल्या.

वर्ग दरवर्षी एकच वाढवा. पहिली ते चौथी एकदम उघडली की वरच्या वर्गांत येतात ती बहुतेक दुसरीकडून बिनसलेली मुलं, आणि नव्या शिक्षिकांचं निम्मं वर्ष त्यांच्या पालकांची समजूत काढण्यात जातं. तुमची मुलं बालवाडीपासून तुमची आहेत. तान्ह्या पोळ्याला लाकडी बैल घेऊन येणारं पोरगं चौथीपर्यंत तुमच्याकडेच वाढू द्या. खरी गळती पाचवीला लागते, इंग्रजी माध्यमाच्या ओढीने. त्यासाठी पालकांशी बोलणं दुसरीपासूनच सुरू करावं लागतं.

डोनेशन घेऊ नका. प्रवेशासाठी असे फीवरचे पैसे घेणं म्हणजे कायद्याच्या भाषेत कॅपिटेशन फी, ती घेतली तर रकमेच्या दहापटीपर्यंत दंड आहे. शिवाय ज्याने लाख दिले तो स्टाफरूममध्येही येऊन बसतो.

यंदाची मुलं जवळच्या मान्यताप्राप्त मराठी शाळेत घाला आणि संध्याकाळी तासभर गोष्टी-गाण्यांना बोलवा. एखाद्या शनिवारी तिघी सेवाग्रामला जाऊन या. तिथे नई तालीमची, म्हणजे गांधीजींच्या कामातून शिक्षणाच्या पद्धतीची, आनंद निकेतन शाळा 2005 पासून पुन्हा चालू आहे. बागेत मुलं काय करतात ते पाहाच, पण शिक्षकांजवळ बसून त्यांचं वेळापत्रकही उतरवून आणा. तुमच्या अर्जाच्या फाइलीपेक्षा तेच आधी लागेल.