शहराच्या बांधकाम नियमांवर शेवटचा शब्द कोणाचा, महापालिकेचा की राज्य सरकारचा?

तुम्ही विचारलंय की विधानसभेत आमदार "महापालिकेचे अधिकार काढून घेतले" म्हणून आवाज उठवतात आणि मंत्री "राज्यभर एकसूत्रता हवी" म्हणतात. मग यात आपल्या नगरसेवकांच्या ठरावाला किंमत किती आणि सामान्य नागरिकाने नेमकं कुठे शिरायचं? मी महाराष्ट्रापुरतं उत्तर देतो.

थेट सांगायचं तर शेवटचा शब्द मंत्रालयातल्या नगरविकास विभागाचा. महापालिका किंवा नगर परिषद प्रस्ताव करते, मंजुरी राज्य देतं, आणि वाटलं तर राज्य स्वतःहूनही नियम बदलतं. हे कालपरवा झालेलं नाही. महाराष्ट्र प्रादेशिक व नगररचना अधिनियम, १९६६ची रचनाच तशी आहे.

सभागृहात हमखास दाखला दिला जातो तो ७४व्या घटनादुरुस्तीचा. बाराव्या अनुसूचीत १८ विषय आहेत. त्यात पहिला नगर नियोजनाचा आणि दुसरा जमिनीचा वापर व बांधकामं यांच्या नियमनाचा. त्यामुळे हे पालिकेचे हक्काचे विषय आहेत असं वाटतं. पण अनुच्छेद २४३ डब्ल्यू हे अधिकार थेट पालिकेच्या हातात ठेवत नाही. विधिमंडळाने कायदा करून ते द्यावेत, अशी मोकळीक ठेवतो. आणि राज्याने नियोजनाची सूत्रं ठेवली ती त्याच १९६६च्या कायद्यात, जो घटनादुरुस्तीपेक्षा पंचवीसेक वर्षांनी जुना आहे. म्हणून "घटनेने दिलेला अधिकार हिरावला" हा मुद्दा भाषणात जोरदार वाटतो, कोर्टात एकटा फारसा टिकत नाही.

आता १९६६च्या कायद्याची कलमं बघा, कारण सगळा खेळ कलमाच्या आकड्यात आहे. नवा विकास आराखडा करायचा असेल तर पालिका कलम २३ खाली इरादा जाहीर करते आणि कलम २६ खाली प्रारूप प्रसिद्ध करून हरकती मागवते. कलम २८ची नियोजन समिती सुनावणी घेते. तिच्यात स्थायी समितीचे तीन सदस्य असतात आणि नगररचना संचालकांनी नेमलेले जास्तीत जास्त चार जाणकार. म्हणजे या टप्प्यावरही निवडून आलेले लोक अल्पमतात जाऊ शकतात. मग कलम ३० खाली आराखडा शासनाकडे जातो आणि कलम ३१ खाली शासन तो जसाच्या तसा किंवा बदल करून मंजूर करतं. बदल मोठा असेल तर तेवढा भाग बाजूला काढून त्यावर पुन्हा हरकती मागवतात. नगररचनेच्या भाषेत याला ईपी, म्हणजे वगळलेला भाग, म्हणतात. मंजुरीच्या अधिसूचनेत तुमचा भूखंड ईपीच्या यादीत असेल तर हरकतीचा आणखी एक दरवाजा उघडा आहे. पुष्कळ लोक मुख्य आराखडा मंजूर झाला की संपलं समजतात आणि हा दरवाजा चुकवतात.

आराखडा मंजूर झाल्यावर त्यात आणि त्याच्या विकास नियंत्रण नियमांत (बांधकामाच्या नियमांत) रोजचे बदल होतात ते कलम ३७ खाली. ३७(१) मध्ये पालिका स्वतः फेरबदलाची सूचना काढते, एका महिन्यात हरकती घेते आणि प्रस्ताव मंजुरीसाठी पाठवते. शासनालाही तसा आदेश पालिकेला देता येतो. पालिकेने टाळाटाळ केली तर ३७(१अ) खाली शासनच सूचना काढतं. ३७(१अअ) मात्र सरळ राज्याचं हत्यार आहे: जनहितासाठी तातडी आहे असं वाटलं की शासन राजपत्रात स्वतःच सूचना देतं. मर्यादा एकच, बदलामुळे आराखड्याचं मूळ स्वरूप पालटता कामा नये.

पण याच पोटकलमात पालिकेसाठी एक जागा आहे आणि ती बहुतेक वेळा वाया जाते. आलेल्या हरकती शासनाने पालिकेकडे पाठवायच्या असतात आणि पालिकेने एका महिन्यात आपलं म्हणणं कळवायचं असतं. नंतर पालिकेलाही सुनावणी असते. हे म्हणणं सर्वसाधारण सभेत ठराव होऊन, पाणीपुरवठ्याचे, ड्रेनेजचे, रस्त्यांचे आकडे जोडून गेलं तर फाइलवर वजन पडतं. प्रत्यक्षात नगररचना विभागातून दोन ओळींचं "हरकत नाही" जातं आणि नगरसेवकांना पत्ता लागतो तो अंतिम अधिसूचना निघाल्यावर. मार्च २०२२नंतर मुंबई-पुण्यासारख्या महापालिकांत काही वर्षं नगरसेवकच नव्हते. सभेचे अधिकार प्रशासकाकडे होते, आणि प्रशासक नेमलेला राज्याचा. त्या काळात राज्याने विचारायचं आणि राज्याच्याच माणसाने उत्तर द्यायचं, असा प्रकार होता.

याच्या वर कलम १५४ आहे. शासनाची धोरणं राबवण्यासाठी किंवा व्यापक जनहितासाठी ते कोणत्याही नियोजन प्राधिकरणाला निर्देश देऊ शकतं, आणि ते पाळणं बंधनकारक असतं. बऱ्याचदा ३७(१अअ)ची सूचना आणि १५४चे निर्देश एकत्रच निघतात: हरकती मागवल्या आहेत, पण अंतिम मंजुरीची वाट न बघता प्रस्तावित नियम आजपासून लागू करा. म्हणून सूचना हातात आली की शेवटचा परिच्छेद आधी वाचावा. तिथे १५४ दिसलं तर नव्या नियमाने नकाशे मंजूर व्हायला सुरुवात झालेली असते. मग महिनाभर वाट बघण्यात अर्थ नाही, स्थगितीची मागणी पहिल्याच पत्रात करावी.

एवढं करून पालिकेच्या सभेने उलटा ठराव केला तरी महाराष्ट्र महानगरपालिका अधिनियमाच्या कलम ४५१ खाली शासन तो निलंबित करून पुढे विखंडित, म्हणजे रद्द, करू शकतं. नगर परिषदेच्या ठरावाची अंमलबजावणी जिल्हाधिकारी नगर परिषदांच्या कायद्यातल्या कलम ३०८ खाली रोखू शकतात. एखाद्या बिल्डरला पालिकेने परवानगी नाकारली तर त्याचं १९६६च्या कायद्यातलं कलम ४७चं अपील जातं पुन्हा शासनाकडेच.

हे सगळं कागदावरच राहिलेलं नाही. पुण्याच्या जुन्या हद्दीचा आराखडा मुदतीत पूर्ण झाला नाही म्हणून मार्च २०१५मध्ये राज्याने तो ताब्यात घेतला, विभागीय आयुक्तांच्या अध्यक्षतेखाली तीन जणांची समिती नेमली आणि जानेवारी २०१७मध्ये मंजूर केला. मुंबईचा २०३४चा पहिला प्रारूप आराखडा फेब्रुवारी २०१५मध्ये आला आणि चुकांवरून इतका गदारोळ झाला की एप्रिलमध्ये मुख्यमंत्र्यांनी तो नव्याने करायला लावला. या दुसऱ्या वेळी राज्याचा हस्तक्षेप मुंबईकरांना हवाच होता. त्यामुळे राज्य म्हणजे खलनायक आणि पालिका बिचारी, अशी मांडणी मला पटत नाही. भूखंडांवरची आरक्षणं उठवण्याचे ठराव पालिकांच्या सभांमध्येही बिनबोभाट होतात.

आणि सगळ्यात महाग उदाहरण गिरणगावाचं. १९९१च्या नियमाप्रमाणे गिरण्यांच्या जमिनीचे ढोबळमानाने तीन वाटे व्हायचे: एक महापालिकेला मोकळ्या जागांसाठी, एक म्हाडाला घरांसाठी, एक मालकाला. २००१च्या फेरबदलाने ही वाटणी फक्त आधीपासून मोकळ्या असलेल्या जमिनीपुरती राहिली. गिरणी पाडून मोकळी झालेली जमीन त्यातून सुटली. उच्च न्यायालयाने २००५मध्ये विरोधात निकाल दिला, पण मार्च २००६मध्ये सर्वोच्च न्यायालयाने राज्याचा बदल कायम केला. शेकडो एकरांचा प्रश्न, आणि बदल झाला तो कलम ३७च्या एका अधिसूचनेने, विधेयक न येता.

हे नीट लक्षात घ्या. विकास नियंत्रण नियमातला बदल विधानसभेत मतदानाला येत नाही. विधेयक येतं ते मूळ कायदा बदलताना, जसं अनधिकृत बांधकामं प्रशमित (शुल्क घेऊन नियमित) करण्यासाठी २०१७मध्ये कलम ५२अ आणलं तेव्हा. बाकी वेळी आमदारांच्या हातात तारांकित प्रश्न, लक्षवेधी आणि अर्ध्या तासाची चर्चा. लक्षवेधीला उत्तर देताना मंत्री "स्थगिती देतो" म्हणाले की दुसऱ्या दिवशी पेपरात मथळा येतो, पण नगररचना विभागाचा अभियंता मथळा बघून नकाशा थांबवत नाही. त्याला लेखी आदेश लागतो. आदेश निघेपर्यंत ते फक्त आश्वासन असतं आणि पाठपुरावा विधिमंडळाच्या आश्वासन समितीकडे. आमदारांकडे जायचंच असेल तर "आवाज उठवा" असं मोघम सांगू नका. कोणत्या तारखेची अधिसूचना, कोणता नियम क्रमांक, मागणी काय आणि लेखी आदेश कधी निघणार, हा शेवटचा प्रश्नसुद्धा लिहून द्या.

सध्याच्या वादाचं केंद्र आहे यूडीसीपीआर, म्हणजे एकत्रिकृत विकास नियंत्रण व प्रोत्साहन नियमावली. २ डिसेंबर २०२० रोजी ती मंजूर झाली आणि बृहन्मुंबई महापालिका, एमआयडीसी, नैना (नवी मुंबई विमानतळाभोवतीचं क्षेत्र), थंड हवेच्या ठिकाणच्या नगर परिषदा, लोणावळा, पर्यावरण संवेदनशील क्षेत्रं अशी काही ठिकाणं वगळता राज्यभर लागू झाली. मुंबईची स्वतःची डीसीपीआर २०३४ आहे. त्याआधी प्रत्येक शहराचा वेगळा नियम, बाल्कनी धरायची की नाही याचा वेगळा हिशेब, आणि छोट्या नगर परिषदेत तो समजणारा माणूसही नसायचा. व्याख्या, मोजमाप, पार्किंगचा हिशेब राज्यभर एक असावा, यात राज्याचं बरोबर आहे. माझा आक्षेप चटई क्षेत्राच्या, म्हणजे प्लॉटवर एकूण किती बांधता येईल त्याच्या, कमाल मर्यादेला आहे. ती ठरते रस्त्याच्या रुंदीवर. त्या गल्लीतल्या पाण्याच्या लाइनचा व्यास किती, हे नियमावलीतला तक्ता विचारतच नाही.

हिशेब करून बघा. २०२०च्या मूळ तक्त्याप्रमाणे पुणे, नाशिकसारख्या मोठ्या महापालिकांत, गावठाणाबाहेर, नऊ मीटरपेक्षा अरुंद रस्त्यावर मूळ चटई निर्देशांक (प्लॉटच्या किती पट बांधकाम) १.१० आणि तिथेच संपलं. रस्ता नऊ मीटरचा झाला की त्यात अधिमूल्य (जादा शुल्क) भरून ०.५० आणि टीडीआर (दुसऱ्या जागेवरून आणलेला बांधकाम हक्क) ०.४० मिळून २.००. निवासी इमारतीला वर ६० टक्क्यांपर्यंत अनुषंगिक (बाल्कनी, जिने वगैरेंसाठीचं) चटई क्षेत्र, तेही अधिमूल्य भरून. ५०० चौरस मीटरच्या प्लॉटवर पहिल्या बाबतीत ५५० आणि अनुषंगिक धरून ८८० चौरस मीटर. दुसऱ्या बाबतीत १००० आणि १६००. (नंतर दुरुस्त्या होत आल्या आहेत, तेव्हा तुमचा प्लॉट मोजताना ताजी प्रत घ्या.)

इथेच पालिकेच्या हातात उरलेली खरी ताकद दिसते. तक्ता राज्याचा, पण रस्ता किती रुंद दाखवायचा हे पालिका महानगरपालिका अधिनियमाच्या कलम २१० खाली रस्तारेषा आखून ठरवू शकते. पुण्यात २०२०मध्ये सहा मीटरचे रस्ते नऊ मीटर करण्याच्या प्रस्तावावरून जो वाद पेटला, त्याच्या मुळाशी वरचंच गणित होतं. तुमच्या भागात किती मजले चढणार याची चावी कित्येकदा विधानभवनात नसून स्थायी समितीच्या विषयपत्रिकेतल्या एका ओळीत असते. "अमुक सर्व्हे नंबरमधील रस्त्याची रस्तारेषा आखणे" असा विषय दिसला की सावध व्हा.

नदीकाठच्या शहरांत आणखी एक खातं येतं. निळी (वारंवार येणाऱ्या पुराची) आणि लाल (क्वचित येणाऱ्या मोठ्या पुराची) पूररेषा जलसंपदा विभाग आखतो. नदी आणि निळ्या रेषेच्या मधे बांधकामाला जवळपास बंदी; निळ्या-लालच्या मधे जोतं लाल रेषेच्या पातळीहून ०.४५ मीटर उंच ठेवून परवानगी मिळते. २०१९ आणि २०२१चे पूर पाहिलेल्या कोल्हापूर-सांगलीकरांना हे अपुरं वाटतं. ते कडक करायचं तर पालिकेलाही ३७(१) खाली प्रस्ताव करूनच वर जावं लागेल.

आता हरकत. एक महिना कोणत्या तारखेपासून मोजायचा हे सूचनेतच लिहिलेलं असतं, वर्तमानपत्रात वाचल्याच्या दिवसावर जाऊ नका. पत्र त्यात नमूद केलेल्या अधिकाऱ्यालाच द्यायचं, बहुधा विभागाचे नगररचना सहसंचालक. आयुक्तांना दिलेलं पत्र वेळेत पुढे जाईलच असं नाही. पत्रात अधिसूचनेचा क्रमांक व तारीख, नियम क्रमांक, सध्याचा मजकूर, प्रस्तावित मजकूर, तुम्हाला हवा तो पर्यायी मजकूर आणि कारण. भूखंडाबद्दल असेल तर सर्व्हे किंवा सिटी सर्व्हे नंबर, सातबारा किंवा मालमत्ता पत्रक, झोन दाखला आणि आराखड्याचा भाग नकाशा जोडा. आवक शिक्का मारलेली पोच घ्या. एकाच मजकुराची पाचशे पत्रं आली तर अहवालात तो एकच मुद्दा होतो. त्यापेक्षा दहा जणांनी दहा वेगळी, आकड्यांसकट कारणं दिलेली बरी. "सुनावणीची संधी द्यावी" हे वाक्य विसरू नका आणि सुनावणीला जाऊन लेखी म्हणणं पुन्हा द्या, कारण तोंडी बोलणं अहवालात एका ओळीत आटपतं.

अंतिम अधिसूचना विरोधात गेली तर माहिती अधिकारात चार कागद मागा: मूळ प्रस्ताव, सभेचा ठराव किंवा पालिकेने कळवलेलं म्हणणं, सुनावणी अधिकाऱ्याचा अहवाल आणि संचालकांचं मत. यातला एखादा कागद निघालाच नसेल, किंवा अंतिम नियम सूचनेतल्यापेक्षा वेगळा असेल, तर वकील गाठा. पण एक निकाल डोक्यात ठेवूनच जा. पुणे महापालिका आणि प्रमोटर्स अँड बिल्डर्स असोसिएशन यांच्यातल्या २००४च्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने म्हटलं आहे की कलम ३७ खाली असे विकास नियंत्रण नियम करणं हे कायदे करण्यासारखं काम आहे, आणि मंजुरी देताना शासनाने बदल केला म्हणून हरकतींची नवी फेरी घ्यावी लागत नाही. त्यामुळे "आम्हाला पुन्हा विचारलं नाही" एवढ्यावर रिट याचिका उभी राहत नाही. आराखड्याचं मूळ स्वरूप बदललं, पालिकेचं म्हणणं मागवलंच नाही, बाधितांना सूचना किंवा सुनावणी मिळाली नाही, यापैकी काही कागदावर दाखवता आलं तर बोलता येतं.