घरच्या सिंगल-फेजवर थ्री-फेज यंत्रे

प्रश्न : शेडमध्ये २ एचपीचा लेथ आणि १ एचपीचे ड्रिल मशीन बसवायचे आहे. दोन्ही मोटरी थ्री-फेज, घरात मात्र २३० व्होल्टचे सिंगल-फेज. ड्राइव्ह (सिंगल-फेजवरून थ्री-फेज तयार करणारे इलेक्ट्रॉनिक उपकरण) घ्यावा, रोटरी कन्व्हर्टर (फिरत्या मोटरीतून तिसरा फेज तयार करणारी जोडणी) करावा, की कॅपॅसिटरवर भागवावे?

उत्तर : आधी नेमप्लेट वाचा आणि टर्मिनल बॉक्स उघडा, निम्मा निर्णय तिथेच होतो. प्लेटवर ‘२३०/४०० व्होल्ट, डेल्टा/स्टार’ (मोटरीतली तीन वेटोळी, म्हणजे वाइंडिंग, जोडण्याच्या दोन पद्धती) असेल आणि बॉक्समध्ये सहा टोके असतील, तर प्रत्येक मशीनला वेगळा ड्राइव्ह घ्या. साधा ड्राइव्ह २३० व्होल्ट सिंगल-फेज घेऊन २३० व्होल्टच थ्री-फेज देतो. व्होल्टेज वाढवत नाही. म्हणून मोटर स्टारमधून डेल्टात आणावी लागते. स्टारमध्ये एका ओळीतली तीन टोके एकत्र बांधलेली असतात. ती पट्टी काढून समोरासमोरची टोके तीन पट्ट्यांनी जोडा. हे राहून गेले तरी मोटर फिरते, पण टॉर्क (फिरवण्याचा जोर) जेमतेम एक तृतीयांश मिळतो. जाड काप घेतला की ती अडते आणि तापते.

प्लेटवर ‘४०० डेल्टा/६९० स्टार’ असेल तर साध्या ड्राइव्हवर ती मोटर पूर्ण ताकदीने चालणार नाही. तीनच टोके बाहेर असतील तर स्टारचा सांधा बहुधा वाइंडिंगच्या आत असतो. तो शोधून, सोडवून तीन नवी टोके बाहेर काढता येतात, पण ते काम अनुभवी वाइंडरचेच.

२ एचपीची मोटर डेल्टात सुमारे ६ अँपिअर घेते. ड्राइव्ह मात्र पूर्ण लोडला सिंगल-फेजमधून १४-१५ अँपिअर ओढू शकतो. त्याला स्वतंत्र सर्किट आणि पक्के अर्थिंग द्या. वायरची जाडी आणि एमसीबी ड्राइव्हच्या पुस्तिकेप्रमाणे घ्या, मोटरीच्या अँपिअरवरून ठरवू नका.

कॅपॅसिटरचा मार्ग सर्वांत स्वस्त. डेल्टातल्या मोटरीला ५० हर्ट्झवर दर किलोवॅटला सुमारे ७० मायक्रोफॅरड, म्हणजे तुमच्या ड्रिलला पन्नासेक. कॅपॅसिटर ‘रन’ (सतत जोडलेला राहणाऱ्या) प्रकारचाच, किमान ४०० व्होल्टचा. ताकद मात्र सुमारे दोन तृतीयांशच उरते आणि सुरुवातीचा टॉर्क फार पडतो. हलक्या ड्रिलला चालेल, लेथला लावू नका.

रोटरी कन्व्हर्टर आम्ही तेव्हाच सुचवतो, जेव्हा मशीन तीन-चार असतात किंवा एकाच मशीनवर कूलंट पंपासकट अनेक मोटरी असतात. त्याची आयडलर मोटर (तिसरा फेज तयार करण्यासाठी मोकळी फिरणारी मोटर) सर्वांत मोठ्या मोटरीच्या किमान दीडपट हवी. कॉम्प्रेसरसारखा जड स्टार्ट असेल तर दुप्पट. तिसरा फेज तिथे तयार केलेला असतो आणि लोडप्रमाणे वरखाली होतो, म्हणून कॉन्टॅक्टरची (कॉइलने चालणाऱ्या स्विचची) कॉइल आणि कंट्रोल ट्रान्सफॉर्मर नेहमी मूळ दोन तारांवरच ठेवा.

प्रश्न : ड्राइव्ह बसवला, पण लेथचा फॉरवर्ड-रिव्हर्स स्विच फिरवला की तो ट्रिप होतो. ड्राइव्ह खराब आहे का?

उत्तर : स्विच अजून ड्राइव्ह आणि मोटर यांच्या मध्ये असणार. चालत्या मोटरीची तार मध्येच तोडली-जोडली की करंट उसळतो. ड्राइव्ह ट्रिप झाला हे नशीबच, आतले ट्रान्झिस्टर उडू शकतात. मोटर थेट ड्राइव्हच्या आउटपुटला जोडा, मध्ये काहीही नको. जुन्या स्विचवरच्या मेनच्या सगळ्या तारा काढा आणि त्याचे कॉन्टॅक्ट ड्राइव्हच्या फॉरवर्ड, रिव्हर्स व कॉमन या कंट्रोल टर्मिनलना द्या.

थांबण्याचा वेळ सुरुवातीला ४-५ सेकंद ठेवा. जड चक (लेथवर काम धरणारी पकड) झटक्यात थांबवली तर तिची ऊर्जा ड्राइव्हमध्ये परत येते आणि ओव्हरव्होल्टेज दाखवून तो बंद पडतो. लवकर थांबवायचेच असेल तर ब्रेकिंग रेझिस्टर (ती ऊर्जा उष्णतेत घालवणारा भाग) लागेल. चक स्पिंडलवर आट्यांनी बसणारी असेल तर तोही मोह टाळा, झटक्याने ती सुटून बाहेर येऊ शकते. २५ हर्ट्झच्या खाली मोटर फार वेळ चालवू नका, तिचा स्वतःचा पंखा पुरेशी हवा देत नाही. वेग पुलीवर किंवा गिअरवरच कमी करा.

वायरिंग बदलण्यापूर्वी पुरवठा तोडून किमान १० मिनिटे थांबा आणि डीसी टर्मिनलवर मीटर लावून व्होल्टेज उतरल्याची खात्री करा. दिवे विझले तरी आतल्या कॅपॅसिटरमध्ये ३०० व्होल्टहून जास्त शिल्लक असू शकतात.