“आधी असा नव्हता हो, आता माणसंच टाळतो”

“गणपतीत मंडळाच्या स्टेजवर पोवाडा म्हणायचा, मॅडम. आता घरी पाहुणे आले की बाथरूममध्ये जाऊन बसतो. वयाचं असेल ना? जाईल ना आपोआप?”

नववीतल्या एका मुलाची आई विचारत होती. बारा-तेरा वर्षांपुढच्या मुलांचे पालक हा प्रश्न या ना त्या शब्दांत विचारतातच, म्हणून त्या मुलाबद्दल लिहिते आहे. घरच्यांची आणि त्याची परवानगी आहे. ओळख पटेल असे तपशील बदलले आहेत.

पहिल्या भेटीत मी त्याला काही विचारायचे आणि उत्तर आई द्यायची. “जेवण नीट होतं का?” “हो, म्हणजे डबा कधी कधी तसाच परत आणतो.” तो मान खाली घालून बसलेला. ऐन मे महिन्यात पूर्ण बाह्यांचा जाड शर्ट, आणि बोलायची वेळ आलीच तर तोंडापुढे हात. आईला बाहेर बसायला सांगितलं, तेव्हा हळूहळू कळलं की शर्ट घामाचे डाग दिसू नयेत म्हणून आहे. ओरलच्या सकाळी पोट दुखतं. ग्रुपवर मेसेज टाइप करतो, पुन्हा वाचतो, खोडून टाकतो. स्टेशनबाहेरच्या गाडीवर “काका, दोन वडापाव” म्हणायचं तर ते वाक्य आधी मनात घोकतो, आणि गर्दी असली तर न घेताच घरी येतो.

त्यांची गिरगावातली चाळ पुनर्विकासाला गेली आणि सातवीनंतर घर कांदिवलीला हललं. शाळा नवी, ओळखीचं कुणी नाही. त्यातच आवाज फुटायला लागलेला. वर्गात धडा वाचताना तो चिरकला आणि मुलं हसली. आईच्या मते सगळं तिथूनच सुरू झालं.

मला हे पूर्ण पटत नाही. वर्गात कधी हसं झालं नाही असं मूल शोधून सापडायचं नाही, आणि त्यातली बहुतेक मुलं आठवड्याभरात ते विसरतात. एखाद्याच्या बाबतीत ते रुतून बसतं, कारण तिथे बऱ्याच गोष्टी एकदम जुळून येतात.

एक म्हणजे जन्मजात स्वभाव. हार्वर्डमध्ये जेरोम केगन यांनी चार महिन्यांच्या बाळांना नवी खेळणी दाखवली, अनोळखी आवाज ऐकवले. साधारण पाचातलं एक बाळ हातपाय झाडून रडायचं. अशी मुलं पुढे नव्या माणसांसमोर जास्त बुजतात आणि सोशल अँग्झायटीकडे, म्हणजे लोक आपल्याकडे बघतील, हसतील या भीतीने माणसं टाळायला लावणाऱ्या विकाराकडे, झुकण्याची शक्यताही त्यांच्यात जास्त असते. तरी त्यांतल्या बहुतेकांना विकार होत नाही. या मुलाच्या आईला खोदून विचारलं तेव्हा आठवलं, की बालवाडीत तो महिनाभर दारातच उभा राहायचा. चाळीत मात्र सारखी माणसांची ये-जा, प्रत्येक जण हाक मारणारा, त्यामुळे ते बुजरेपण कधी डोळ्यांवर आलंच नाही.

दुसरं, वय. डेव्हिड एल्काइंड या मानसशास्त्रज्ञाने १९६७ मध्ये मांडलं, की या वयात मुलं मनातल्या मनात एक प्रेक्षकवर्ग घेऊन फिरतात. सगळे आपल्याकडेच बघताहेत असं त्यांना वाटतं. २०१३ मध्ये लिआ सोमरविल आणि सहकाऱ्यांनी ८ ते २२ वर्षांच्या मुलामुलींना मेंदूच्या स्कॅनरमध्ये झोपवून एवढंच सांगितलं, की कॅमेरा सुरू झालाय, तुझ्या वयाचं कुणीतरी तुला बघतंय. प्रत्यक्षात कुणीच बघत नव्हतं. तरीही किशोरवयीन मुलं लहानांपेक्षा जास्त ओशाळली, त्यांच्या त्वचेवरच्या घामाच्या मोजणीतही ते दिसलं. म्हणून “कोण बघतंय तुझ्याकडे?” हे आपलं वाक्य त्यांच्या काही कामाचं नसतं. त्यांना बघितलं जाणं खरोखर जाणवत असतं.

पण विकार पक्का होतो तो तिसऱ्या गोष्टीने, आणि घरात सगळ्यांत कमी लक्ष तिच्याकडेच जातं. डेव्हिड क्लार्क आणि एड्रियन वेल्स यांनी १९९५ मध्ये ती नीट उलगडून दाखवली. भीती वाटली की मूल समोरच्या माणसाकडे बघणं सोडून स्वतःवरच पहारा ठेवतं: आवाज कापतोय का, घाम दिसतोय का. मग बचावाच्या सवयी लागतात, म्हणजे जाड शर्ट, तोंडापुढे हात, वाक्यं घोकणं. वेळ निभावून गेली की मुलाला वाटतं, सवयीमुळे वाचलो. जाड शर्टात घाम आणखी येतो, तोंड झाकून बोललं की समोरचा दोनदा विचारतो, आणि रात्री अंथरुणात सगळ्याची उजळणी होते. घरचेही प्रेमापोटी यात सामील होतात. या आईने ओरलच्या दिवशी चिठ्ठ्या दिल्या होत्या, दुकानात त्याच्या वतीने बोलली होती. पोराचे हाल बघवत नाहीत, हे मला समजतं. पण प्रत्येक सुटकेबरोबर त्याची खात्री पटत गेली की हे आपल्याला जमणारं नाही.

वडिलांचं म्हणणं होतं, सरळ स्टेजवर उभा करा, पाण्यात ढकललं की पोहता येतं. मी नाही म्हटलं. तोंडावर हात धरून आणि स्वतःवर पहारा ठेवूनच तो स्टेजवर गेला असता, तर भीती तशीच राहिली असती, वर अपमान वाट्याला आला असता.

आम्ही सुरुवात वडापावच्या गाडीपासून केली. एकदा नेहमीसारखं जायचं, वाक्य घोकत, नजर मोबाइलमध्ये. दुसऱ्या वेळी न घोकता, काकांच्या हाताकडे आणि चेहऱ्याकडे बघत. पुढच्या भेटीत मी आधी काही विचारायच्या आत तो म्हणाला, “मॅम, काकांनी वर बघितलंच नाही. ते सुट्टे मोजत होते.” घोकताना त्याला हे कधी दिसलंच नव्हतं. मग मोबाइलवर त्याचं दोन मिनिटांचं बोलणं रेकॉर्ड केलं. बघण्याआधी त्याने लिहून ठेवलं होतं, की आवाज दहापैकी नऊ कापला असेल. व्हिडिओ एखादा अनोळखी मुलगा असल्यासारखा बघायला सांगितला. त्याने स्वतःच तीन मार्क दिले. पुढे अर्ध्या बाह्यांचा टीशर्ट, वर्गात एक शंका विचारणं, मग ओरल, असं एकेक पाऊल. आईने ठरवून चिठ्ठ्या बंद केल्या आणि त्याच्याऐवजी उत्तर देणंही. तिला हे त्याच्याइतकंच जड गेलं. आता तो ओरल देतो, पोट अजून कधी कधी दुखतं, तरी देतो. स्टेजचा विषय आम्ही काढलेला नाही.

तर, आपोआप जाईल का? या वयातलं नुसतं लाजणं बहुतेकांचं ओसरतं. पण २००५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अमेरिकेतल्या मोठ्या सर्वेक्षणात सोशल अँग्झायटी झालेल्यांपैकी निम्म्यांना ती तेराव्या वर्षापर्यंतच सुरू झालेली दिसली, आणि एकदा मूळ धरलं की उपचारांविना ती वर्षानुवर्षं राहू शकते. म्हणून मूल किती बोलतं हे मोजत बसू नका. गप्प पण आपल्या दोन मित्रांत रमणाऱ्या मुलाची मला काळजी वाटत नाही. गेल्या काही महिन्यांत त्याने काय काय करणं सोडलं, ते बघा. सहा महिने किंवा जास्त काळ भीती टिकून असेल आणि तिच्यापायी शाळा, मैत्री, खाणंपिणं अडत असेल, तर थांबू नका. शाळा पूर्ण बंद झाली असेल किंवा जगावंसं वाटत नाही असं ते बोललं, तर लगेच मानसोपचारतज्ज्ञांकडे जा. मुंबईत केईएम, नायर, सायन या पालिकेच्या रुग्णालयांत मानसोपचार विभाग आहेत. टेलिमानस या सरकारी मानसिक आरोग्य सेवेची १४४१६ ही मोफत हेल्पलाइन दिवसरात्र सुरू असते. आणि मूल यायलाच तयार नसेल तर आधी तुम्ही एकटे या. घरातल्या चिठ्ठ्या आणि परस्पर दिलेली उत्तरं यांवरचं काम त्याच्याशिवायही सुरू करता येतं.